ऑशकॉशच्या गवतावर, शेपटीतल्या नारिंगी डबीपाशी

शिकागो परिसरात मराठी माणसं भरपूर आहेत. उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला जाणारे आई-बाबाही कमी नाहीत. त्यांना बहुधा नायगारा दाखवला जातो, नाहीतर मॉल. जुलैचा शेवटचा आठवडा असेल तर मी एक वेगळं ठिकाण सुचवेन. शिकागोहून गाडीने उत्तरेला तीनेक तास गेलं, की विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो तलावाच्या काठी ऑशकॉश नावाचं गाव लागतं. एरवी शांत असणाऱ्या या गावात त्या आठवड्यात विमानांची जत्रा भरते. जत्रा हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे. आपल्याकडे जत्रेला बैलगाड्या येऊन माळावर सुटतात, तशी इथे विमानं येऊन गवतावर लागतात. पंखाखाली तंबू ठोकायचा, दोरीवर टॉवेल वाळत घालायचा, बाजूला स्टोव्हवर कॉफी ठेवायची आणि आठवडाभर तिथेच मुक्काम करायचा.

हा मेळा भरवणारी हौशी विमानकारांची संघटना १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत सुरू केली. १९७० पासून मेळा ऑशकॉशला भरतो. आसपासचे विमानतळ धरून सुमारे दहा हजार विमानं या काळात इथे येतात. गर्दी एवढी असते, की रेडिओवर प्रत्येकाशी बोलत बसणं नियंत्रकांना शक्यच नसतं. म्हणून छोटी विमानं रिपन गावाहून रेल्वेच्या रुळांवरून एकामागोमाग रांगेत येतात. फिस्क नावाच्या वस्तीपाशी जमिनीवर उभे असलेले नियंत्रक दुर्बिणीतून बघून सांगतात, ‘लाल-पांढरं विमान, पंख हलवा.’ वैमानिकाने पंख डोलवले की पुढची सूचना. एकाच धावपट्टीवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके रंगवलेले असतात आणि कोणी कोणत्या ठिपक्यावर उतरायचं हेही सांगितलं जातं. लहान मुलांना हे बघायला फार मजा येते. मोठ्यांनाही येते, पण ते कबूल करत नाहीत.

घरी बनवलेली विमानं

लढाऊ विमानं, कसरती, रात्रीची रोषणाई हे सगळं तिथे आहेच. पण मला विचाराल तर खरी गंमत घरगुती विमानांच्या रांगेत आहे. घरगुती म्हणजे अक्षरशः घरी बनवलेली. कोणी गॅरेजमध्ये, कोणी तळघरात, कोणी धान्याच्या कोठारात. निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या हाताने केलेलं असावं, असा तिथला नियम आहे. काही जण किट आणून जोडतात, काही जण नकाशावरून सुरुवात करतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, लोखंडी नळ्यांवर कापड ताणलेली, फायबरग्लासची, कार्बन फायबरची, सगळ्या जातींची विमानं तिथे असतात. मालक शेजारीच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला काहीही विचारा, तासभर तरी सुटका नाही.

मुंबईकरांना हे ऐकून कांदिवलीची गच्ची आठवेल. कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं होतं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्याची नोंदणीही झाली. आपल्याकडे ती बातमी होती. ऑशकॉशला असे लोक रांगेने बसलेले दिसतात.

या रांगेतून चालताना लोक इंजिन बघतात, रंग बघतात, आतलं लेदर बघतात. तुम्ही शेपटीकडे बघा. आत, मागच्या भागात, एक नारिंगी डबी बसवलेली असते. विमान जोरात आपटलं की ती आपोआप चालू होते आणि ‘आम्ही इथे आहोत’ असा संदेश पाठवू लागते. अपघातात शेपटीचा भाग बहुतेक वेळा सगळ्यात कमी चुरडतो, म्हणून तिची जागा तिथे. पण डबीला आवाज असतो तो अँटेनाचा. आणि ती एवढीशी काडी कुठे लावायची, यावर हौशी विमानकारांमध्ये जे वाद होतात, ते ऐकण्यासारखे असतात.

वादाचं मूळ सौंदर्यात आहे. माणसाने आयुष्याची काही वर्षं घालून गुळगुळीत, चकचकीत विमान बनवलं. आता त्याच्या पाठीवर भोक पाडून काडी उभी करायची? दिसायला वाईट, शिवाय हवेला थोडा अडथळा. मग काही जण ती शेपटीच्या झाकणाखाली आडवी दडवतात, काही सीटच्या मागे वाकवून बसवतात. विमान देखणं राहतं. पण पत्र्याच्या विमानात असं करणं म्हणजे स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवून फोनची वाट बघण्यासारखं आहे. रेडिओ लहरी धातूतून पार होत नाहीत. कार्बन फायबरमधूनही नाही. फायबरग्लास आणि कापडातून मात्र होतात, त्यामुळे तशा विमानांत अँटेना आत लपवली तरी चालते. काडी मात्र उभीच हवी, आडवी नको.

तिथेही एक अडचण आहेच. टाळी एका हाताने वाजत नाही. अशी उभी काडी म्हणजे अर्धीच अँटेना असते, उरलेला अर्धा भाग तिच्या बुडाशी असलेला धातूचा पृष्ठभाग पुरवतो. पत्र्याच्या विमानात तो आयताच मिळतो. फायबरग्लासच्या विमानात तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या अँटेनाच्या बुडापासून चारी दिशांना, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिकटवाव्या लागतात. किती लांब? लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश. ४०६ मेगाहर्ट्झसाठी ते साधारण साडेअठरा सेंटिमीटर भरतं, १२१.५ साठी जवळपास बासष्ट. निमुळत्या शेपटीत बासष्ट सेंटिमीटरच्या पट्ट्या आडव्या बसवायच्या म्हणजे कसरतच असते. आतल्या दुसऱ्या वायरी, दांडे, नियंत्रणाच्या केबल्स यांच्यापासूनही काडी लांब ठेवायची.

आणि मग जोडणारी केबल. डबीपासून अँटेनापर्यंतची ही केबल लहान असावी, थोडी सैल असावी, आणि डबी व अँटेना शक्यतो विमानाच्या एकाच भागात असावेत. कारण अपघातात विमान ज्या सांध्यावर मोडतं, तिथून केबल गेलेली असेल तर ती तुटते. मग डबी ओरडत राहते, पण ऐकू कोणालाच येत नाही. नासाने २०१५ साली व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात तीन जुनी सेस्ना १७२ विमानं उंच सांगाड्यावरून मुद्दाम पाडून बघितली, ती हेच तपासायला. चंद्रावर उतरण्याचा सराव अपोलोच्या अंतराळवीरांनी ज्या सांगाड्यावर केला होता, तोच हा. डबी शाबूत पण केबल किंवा अँटेना निकामी, हा कच्चा दुवा तिथेही पुढे आला.

एवढा खटाटोप का

१९६७ च्या मार्चमध्ये एक कुटुंब छोट्या विमानातून ओरेगनहून कॅलिफोर्नियाकडे निघालं होतं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी डोंगरात, बर्फात, ते विमान पडलं. आई आणि तिची किशोरवयीन मुलगी वाचल्या होत्या. अवशेष सापडले ते ऑक्टोबरमध्ये. सोबत मुलीने लिहिलेली डायरी होती. पन्नासहून अधिक दिवस त्या दोघी तिथे जिवंत होत्या. शोधविमानं उडत होती, पण त्या कुठे आहेत हे कोणालाच कळलं नाही. ही गोष्ट अमेरिकेला फार लागली. १९७० च्या अखेरीस विमानात असं यंत्र बसवण्याचा कायदा झाला. त्याची मुदत संपण्याआधीच, १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये, हेल बॉग्स आणि निक बेगिच हे दोन खासदार असलेलं विमान अलास्कात बेपत्ता झालं. ३९ दिवस शोध चालला. ते विमान आजतागायत सापडलेलं नाही.

सुरुवातीची यंत्रं १२१.५ वर नुसता कण्हल्यासारखा आवाज काढत. जवळून जाणाऱ्या विमानाने ऐकला तर ऐकला. मग अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, एकत्र येऊन उपग्रहांची व्यवस्था उभारली. पहिला उपग्रह १९८२ च्या जूनमध्ये सोडला आणि सप्टेंबरमध्येच कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातल्या तिघांचे प्राण वाचले. २००९ च्या फेब्रुवारीपासून उपग्रह १२१.५ ऐकत नाहीत, फक्त ४०६ ऐकतात. ४०६ ची डबी दर पन्नासेक सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश पाठवते आणि त्यात त्या डबीचा स्वतःचा क्रमांक असतो. जुना १२१.५ चा आवाज अजूनही सोबत असतोच, शेवटच्या टप्प्यात जमिनीवरून माग काढायला. आपल्या देशासाठीचे संदेश बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात येतात आणि तिथून पुढे शोधपथकांकडे जातात.

ऑशकॉशला ही माग काढण्याची कला प्रत्यक्ष दिसू शकते. एवढ्या विमानांत एखादं जरा जोरात टेकतं आणि डबी उगाच सुरू होते. मग सिव्हिल एअर पेट्रोलची शाळकरी वयाची मुलं-मुली हातात दिशा दाखवणारी अँटेना घेऊन हजारो विमानांमधून नेमकं ते एक शोधून काढतात. त्यांच्यासाठी तो सराव असतो. मालक मात्र खजील होऊन धावत येतो.

उभी, पक्की बसवलेली अँटेनाही दर वेळी उपयोगी पडेल असं नाही. विमान उलटं झालं तर काडीच मातीत जाते. पाण्याखालून संदेश जातच नाही. म्हणून बरेच वैमानिक खिशातही एक छोटं यंत्र बाळगतात आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. वर्षातून एकदा डबी तपासायची, बॅटरीची तारीख बघायची, केबल ओढून बघायची, हे तर नियमातच आहे.

आणखी एक काम विमानात नव्हे, घरात बसून करायचं असतं. डबी विकत घेतली की तिचा क्रमांक नोंदवावा लागतो. अमेरिकेत ही नोंदणी फुकट असते आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. त्यात मालकाचं नाव, विमानाचा रंग आणि अडीअडचणीला फोन करायचे नंबर असतात. संदेश आला की बचाव केंद्रातला माणूस हेलिकॉप्टर पाठवायच्या आधी तो नंबर फिरवतो. पलीकडे बहुधा बायको असते, नवरा असतो किंवा मुलगा. ‘विमान हँगरमध्ये आहे का?’ एवढंच विचारलं जातं. ‘नाही, सकाळीच निघालेत,’ असं उत्तर आलं की पथक निघतं.