पंख ठेवायचे कुठे?

एखादी मोठी वस्तू घडवणं जास्त अवघड, की ती पूर्ण होईपर्यंत घरात सांभाळणं? वरवर पाहता प्रश्न साधा आहे, पण परवा वाचता वाचता त्याने माझी झोप उडवली.

कॅप्टन अमोल यादव यांचं नाव आपण ऐकलं असेल. पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर या माणसाने सहा आसनांचं विमान बांधलं. अरुंद जिन्यातून यंत्रं वर नेली, इंजिनसुद्धा! 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शन भरलं, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले. पुढे नोंदणी, परवानगी यांत वर्षं गेली आणि 2020 साली धुळ्याला त्याने चाचणी उड्डाण केलं.

सगळे कौतुक करतात ते उड्डाणाचं. मला मात्र ती गच्ची दिसते. एकत्र कुटुंब, घरात 19 माणसं. मुंबईत गच्ची म्हणजे काय चीज आहे! पापड, वाळवणं, मुलांचे खेळ, उन्हाळ्यातली झोप... ते सगळं बाजूला सारून कुणीतरी म्हणालं असेल, “राहू द्या, त्याचं विमान आहे तिथे.” हे वाक्य इंजिनाइतकंच महत्त्वाचं नाही का?

राईट बंधूंचीही अडचण हीच होती. अमेरिकेत डेटन गावी त्यांचं सायकलचं दुकान. 1903 च्या विमानाचा मधला भाग जोडला, तर दुकानाच्या पुढच्या नि मागच्या खोलीमधली वाटच बंद झाली. गिऱ्हाईक आलं की एकाने बाजूच्या दाराने बाहेर पडायचं आणि वळसा घालून पुढे जायचं. सव्वाबारा मीटरच्या आसपास पसरलेले पंख त्या दुकानात पुरे जोडणं शक्यच नव्हतं. ते जोडले गेले थेट किटी हॉकच्या वाळूत.

घरी विमान बांधणारे लोक आजही अशाच युक्त्या करतात. पंख एकावर एक रचत नाहीत, पातळ पत्र्याला पोचा येतो. लाकडी घोडीला जाड कापडाची झोळी बांधून त्यात पंखाची पुढची गोल, भक्कम कड खाली ठेवतात. मागची पातळ कड वर. हलके भाग छताला टांगतात. सांगाडा चाकांवर ठेवतात, म्हणजे सरकवता येतो. आणि सगळ्यांत आधी दाराचं माप घेतात!

आमच्या मेडशीच्या माणसाला यात नवल वाटू नये. पेरणी आटोपली की तिफणीचं चाडं नि नळ्या सोडवायच्या, दांडी गोठ्याच्या आढ्याला टांगायची, वखर भिंतीला उभा करायचा. वाळवी आणि ओल यांपासून लाकूड जपायचं. जागा कमी म्हणून औत कुणी टाकून देत नव्हतं. पुढच्या मिरगाला ते लागणारच होतं.

शाळेत मात्र उलटं पाहिलं. मी शिकवत होतो त्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी एका मुलाने मोठी पवनचक्की केली होती. भंगारातला पत्रा, सायकलचं चाक. छान फिरायची. बक्षीस मिळालं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी प्रश्न, ठेवायची कुठे? मी एक रिकामी खोली मागितली. “परीक्षेला बाकं लागतात,” असं उत्तर मिळालं. चक्की व्हरांड्यात राहिली, जून-जुलैच्या पावसात गंजली आणि दिवाळीआधी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेली. तो मुलगा बघत उभा होता. एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने तक्ता काढला, गुंडाळून ठेवता येईल असा.

हुशार होता, शिकला असता दुसरं काहीही. पण त्या दिवशी तो जागेच्या मापाने स्वप्न बघायला शिकला, हे मला फार लागलं.

आज घरं मोठी झाली, पण वस्तूंनी भरली. सोफा, शोकेस, न वापरलेली भांडी यांना जागा आहे. नातवंडाने अर्धवट जोडलेलं काहीतरी मात्र आठवड्यात ‘पसारा’ ठरतं. अर्धवट वस्तू दिसायला कुरूपच असते हो! पंख नसलेलं विमान म्हणजे पत्र्याची पेटीच की.

तेव्हा मंडळी, घरात एक कोपरा ठेवा. झाडू मारताना वळसा पडेल, पाहुणे विचारतील. सांगा त्यांना, “राहू द्या, काम चालू आहे.”