सात दिवसांचे मालक

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा चकलीच्या डब्याचा तळ दिसू लागला असेल, आकाशकंदिलाचा एखादा कोपरा फाटला असेल आणि घरात एक जुनाच विषय नव्याने निघाला असेल : सुट्टीत कुठे जायचे? आमच्या लहानपणी हा प्रश्न कोणाला पडत नसे. सुट्टी म्हणजे मामाचा गाव. शेवटचा पेपर देऊन आले, की पिशव्या भरायच्या आणि एस.टी.त बसायचे. मामाच्या गावाचे सभासदत्व जन्मतःच मिळे. त्याला प्रवेशशुल्क नसे. वार्षिक वर्गणी मात्र होती, आणि ती मामी भरत असे. पंधरा माणसांच्या पोळ्या लाटून. हे शेवटचे वाक्य मला तेव्हा सुचले नव्हते. मी स्वतः कोणाची तरी मामी झाले, तेव्हा सुचले.

आता मामाच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्यामुळे बाजाराने आपल्याला नवा मामा काढून दिला आहे. त्याचे नाव टाइमशेअर. शब्द परका असला, तरी वस्तू आपल्या अगदीच अनोळखी नाही. माझे माहेर वाई तालुक्यातले. तिथे भाऊबंदांची एक सामाईक विहीर आहे. चार घरांचे चार हिस्से. ज्याने त्याने आपापल्या वारी मोटार चालू करायची. त्याला आम्ही पाळीचे पाणी म्हणतो. विहीर एकट्या कोणाची नाही, पाळी मात्र ज्याची त्याची. टाइमशेअर म्हणजे असा पाळीचा बंगला. आज एक मोठी रक्कम भरायची, पुढे दर वर्षी देखभालीची वर्गणी द्यायची, आणि वर्षातले सात दिवस कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकाठी हक्काने राहायचे. फरक एवढाच, की विहिरीतला हिस्सा सात-बाराच्या उताऱ्यावर लागतो आणि मुलाबाळांकडे जातो. आपल्याकडच्या या योजनांत बहुधा वापराचा हक्क मिळतो, मालकीचा नाही. पंचवीस वर्षांची मुदत सरली, की आपण पुन्हा भूमिहीन.

ही कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची संस्था निघाली आणि सुट्टीच्या घरांत अनेकांनी वाटा घ्यायची पद्धत पडली. १९७४ साली अमेरिकेत आर.सी.आय. निघाली; तिने एका गावचा आठवडा देऊन दुसऱ्या गावचा घ्यायची सोय केली. आपल्या देशात स्टर्लिंगने १९८६ साली आणि महिंद्राने १९९६ साली या धंद्यात पाऊल टाकले. आता मध्यमवर्गीयांच्या प्रत्येक सोसायटीत असा एखादा तरी सभासद सापडतो.

आमच्या घरी हा विषय आला तो एका प्रदर्शनातल्या चिठ्ठीतून. ‘ह्यांनी’ नाव-गाव लिहून चिठ्ठी पेटीत टाकली आणि चारच दिवसांत फोन आला : अभिनंदन! तुम्हांला बक्षीस लागले आहे. न्यायला मात्र पतिपत्नी दोघांनी यायचे. गेलो. चहा झाला, बिस्किटे झाली, आणि एका टापटिपीच्या तरुणाने अडीच तास आम्हांला आमच्याच भवितव्याविषयी समजावून सांगितले. शेवटी म्हणाला, “मॅडम, आजच सही केलीत तर एवढी सवलत, उद्या मी देऊ शकणार नाही.” मी सही केली नाही, कारण प्रश्न माझ्या पैशांचा होता. थकलेल्या वेतनाच्या फरकाची रक्कम नुकतीच माझ्या हाती आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कशालाही न बांधलेले पैसे माझ्या खात्यावर होते.

“तुलाच विश्रांती मिळावी म्हणून म्हणतो,” हे परतताना म्हणाले. आणि पुढे म्हणाले ते मला दिवसभर टोचत राहिले : “पैसे आधी भरलेले असल्याशिवाय आपण कधी गेलो आहोत का?”

खरे होते. लग्नाला अठरा वर्षे झाली. सहली ठरल्या पुष्कळ, घडल्या दोन.

आमच्या कॉलेजात वाणिज्य विभागातले एक सहकारी जुने सभासद आहेत. त्यांना विचारले, तर ते हसून म्हणाले, “बाई, सांगण्यापेक्षा राहूनच या. माझा महाबळेश्वरचा आठवडा तसाही वाया जाणार आहे.” अशा रीतीने जूनमध्ये, शाळा उघडायला आठवडा उरला असताना, आम्ही पाच माणसे चार रात्रींसाठी निघालो : आम्ही दोघे, दहावीत जाणारी थोरली, पाचवीत जाणारा धाकटा आणि सासूबाई.

पुण्याहून महाबळेश्वर एकशेवीस किलोमीटर. वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढू लागले, की माझी मान आपोआप मागे वळते. खाली कृष्णेचे खोरे, त्यात चौकोनी शेते, आणि त्या चौकोनांतला एक आमचा. पाचगणी ओलांडली आणि धुके सुरू झाले. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर, आणि पाऊस वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो यायच्या बेतात असतो. स्ट्रॉबेरीचा हंगाम संपलेला, दुकानांपुढे पावसाळी ताडपत्र्या बांधण्याची गडबड, आणि रस्त्यावर जांभळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. गाव पाहुण्यांना निरोप देऊन स्वतःचे घर आवरायला लागल्यासारखे दिसत होते. मला ते फार आवडले.

हे गाव पहिल्यापासून हंगामी मालकांचेच. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना दुसरे गाव देऊन ही जागा घेतली. म्हणजे अदलाबदलीची प्रथा इथे आर.सी.आय.च्या कितीतरी आधीची! गावाला नाव पडले माल्कम पेठ, आणि एका कड्याला त्यांच्या मुलीचे, केटचे. उन्हाळा आला की साहेबांचा लवाजमा वर चढे, पावसाआधी खाली उतरे. ते सगळे गेले. कडे राहिले, आणि कड्यांवर ऋतूपुरत्या राहिलेल्या माणसांची नावे राहिली.

रिसॉर्ट सुरेख होते. स्वच्छ खोली, रुंद गॅलरी, गॅलरीत शिरणारे ढग, मुलांसाठी खेळांची खोली. आणि एका कोपऱ्यात ओटा! छोटी शेगडी, चार पातेली, सहा ताटल्या, चहाची गाळणी. माहिती द्यायला आलेला मुलगा अभिमानाने म्हणाला, “अगदी घरच्यासारखं, मॅडम.” मी त्या ओट्याकडे पाहिले आणि ओट्याने माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं. बाहेरच्या जेवणाला केवढे पैसे पडतात! उद्या बाजारातून पोहे आण.” बोलणे चुकीचे नव्हते. सभासदत्वात खोली येते, जेवण येत नाही, आणि पाच माणसांचे दोन वेळचे बिल पाहिले तर कोणाही गृहिणीला पोह्यांची आठवण होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीबाहेर दरी उघडत-मिटत असताना, मी कांदा चिरत होते.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात काळ्या दगडांतून पाण्याच्या धारा येतात आणि एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. वेण्णा पुढे माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडला. सावित्री तोंड फिरवून कोकणात उतरते. या पाचांखेरीज आणखी दोन वाटा दाखवतात. एक सरस्वतीची, ती साठ वर्षांनी वाहते म्हणतात. दुसरी भागीरथीची, ती बारा वर्षांनी एकदा. गुरू कन्या राशीत आला, की गंगा वर्षभर कृष्णेकडे राहायला येते, अशी आमच्या वाईकडची श्रद्धा आहे.

सासूबाई त्या कोरड्या वाटेपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “गंगासुद्धा बारा वर्षांनी माहेरपणाला येते गं. मला या घरात येऊन पन्नास वर्षं झाली. लग्नांना गेले, बारशांना गेले, आजारपणांना गेले. गेले तिथं पोळपाट माझ्या आधी पोचलेला असे.”

मी काही बोलले नाही. कालपर्यंत मला वाटत होते, की पोहे आणायला सांगणाऱ्या सासूबाई आणि कांदा चिरणारी मी अशा आम्ही समोरासमोर उभ्या आहोत. त्या दिवशी उरलेल्या दोन्ही वेळा आम्ही ओट्याकडे पाठ करून जेवलो. बिल आले तेव्हा सासूबाईंनी ते मुद्दाम पाहिले नाही.

रात्री मुले निजल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब सोपा आहे. आपणही करून पाहा. आकडे मी गोल धरले आहेत, आपल्या कागदावरचे असतील ते घाला. प्रवेशाचे ५ लाख, मुदत २५ वर्षे, वर्षाला ७ रात्री, आणि वर्गणी २० हजार. प्रवेशाचे पैसे वाटून दर वर्षी २० हजार पडतात, अधिक वर्गणी २० हजार. म्हणजे एका रात्रीचे सुमारे ५,७०० रुपये. पण हा हिशेब पंचवीसही वर्षे सातही रात्री गेलात तर. मध्ये दोन मुलांच्या दहावी-बारावीची चार वर्षे येतात, आजारपणे येतात, लग्नकार्ये येतात. पंचवीसांपैकी पंधराच वर्षे जाणे झाले, तर तीच रात्र साडेनऊ हजारांना पडते. कारण आपण गेलो नाही, तरी वर्गणी ठरलेल्या तारखेला जातेच.

दुसरी गोष्ट व्याजाची. तेच ५ लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाला ३२,५०० येतात. त्यांत न भरलेली वर्गणी मिळवा, ५२,५०० झाले. म्हणजे सात रात्रींना रोजचे साडेसात हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. तो तरुण म्हणाला होता, खोल्या महागतील. महागतील खऱ्याच. त्याने आठ हजारांच्या खोलीचे भाडे दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढवून पंचवीस वर्षांचे चाळीस लाख करून दाखवले होते. वर्गणी मात्र त्याच्या कागदावर पंचवीस वर्षे वीस हजारांवरच उभी होती! तिलाही आठ टक्के लावले, तर तिचेच साडेचौदा लाख होतात.

तरीही प्रामाणिकपणे सांगायला हवे : जे कुटुंब एरवीही दर वर्षी आठ हजारांच्या खोलीत सात रात्री राहणारच आहे, त्याला हा व्यवहार परवडतो. प्रश्न तुलना कोणत्या खोलीशी करायची, हा आहे. आम्ही आजवर राहिलो ते अडीच-तीन हजारांच्या खोलीत, तेही तीन रात्री. जी उधळपट्टी आपण कधी केलीच नसती, तिच्यातली बचत ही बचत नव्हे.

आमच्या सहकाऱ्यांनीही हेच दुसऱ्या शब्दांत सांगितले. मुले लहान होती तेव्हा आठ-दहा वर्षे त्यांनी आठवडा मनसोक्त वापरला. केरळ पाहिले, कूर्ग पाहिले. आता एक मुलगा बंगळुरात, एक परदेशात. “सही चौघांच्या कुटुंबाने केली, वर्गणी दोघे म्हातारे भरतो,” ते म्हणाले. शिवाय अनेक योजनांत हंगामांना रंग दिलेले असतात, आणि स्वस्त रंगाचे आठवडे नेमके शाळा भरलेली असताना येतात. मुलांच्या सुट्टीचा रंग महाग, आणि त्या दिवसांच्या खोल्याही महिनोन्‌महिने आधी भरून जातात.

तेव्हा ज्यांना तारखा आधी ठरवता येतात, ज्यांच्याबरोबर वडीलधारी माणसे येतात, ज्यांना मोठी जागा लागते आणि मुलांचे शिक्षण व घरची आजारपणे सोडून ज्यांच्याजवळ पैसे उरतात, त्यांनी जरूर विचार करावा. मात्र सही त्या टेबलावर करू नये. कागद घरी आणावा. वर्गणी कशी वाढेल, न वापरलेल्या रात्रींचे काय होते, बाहेर पडताना काय परत मिळते, हे लेखी मागावे. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमांनी तिथल्या ग्राहकाला सहीनंतर १४ दिवस मन बदलायची मुभा दिली आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, पण तो फिरवायची वेळ न आलेली बरी. तोंडी दिलेले वचन कागदावर यायला तयार नसेल, तर ते वचन नव्हे, हे मराठीची प्राध्यापिका म्हणून मी खात्रीने सांगू शकते.

आम्ही सही केली नाही. पण ‘ह्यांच्या’ त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे होते. आधी भरलेले पैसेच माणसाला घराबाहेर काढतात, हे त्यांचे म्हणणे मला मान्य होते. परतल्यावर मी बँकेत महिना चार हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडले. वर्षाचे ४८ हजार, वर थोडे व्याज. खाते माझ्या आणि सासूबाईंच्या नावाने आहे. पैसे पगारातून परस्पर वळते होतात आणि पहिली ठेव पिकायच्या आत तारखा ठरवायच्या, असा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला आहे.

थोरलीची परीक्षा संपली, की चार दिवस हर्णैला जायचे ठरले आहे. खोली सासूबाईंनी स्वतः फोन करून पाहिली. समुद्र दिसतो का, हे त्यांनी विचारले नाही. विचारले एवढेच : “खोलीत शेगडी नाही ना?” पलीकडचा मनुष्य अजिजीने म्हणाला, नाही आजी, तेवढी सोय नाही.

“मग चालेल,” म्हणाल्या, आणि बयाणा पाठवायला सांगितला.