तलावाकाठची पहाट

सहलीचे नाव काढले की मुले आनंदाने उड्या मारतात आणि शिक्षकांची झोप उडते. काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आम्ही शाळेची तीस मुले घेऊन गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधला गेलो. वनखात्याची परवानगी घेऊन तलावाजवळ तंबू ठोकले.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. भोवती सात टेकड्या आहेत. लोक त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. १९७५ साली येथील जंगल राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली ते व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. येथील पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचे नाव दिले आहे.

रात्री खूप थंडी पडली. मी सुकी पाने गोळा करून शेकोटी पेटवणार, इतक्यात वनरक्षक धावत आले. "गुरुजी, इथं जाळ नको. या पाल्यावर एक ठिणगी पडली तर अख्खं जंगल पेटेल." मला सर्वांसमोर लाज वाटली. मुलांना शिस्त शिकवणारा मी. पण चूक माझीच होती.

पहाटे नमाजासाठी मुलांना उठवले. मोजली तर एकोणतीस! नववीतला एक मुलगा तंबूत नव्हता. हा मुलगा वर्गात मराठीचे एक वाक्यही बोलत नसे. माझ्या छातीत धस्स झाले. समोर खोल पाणी, मागे जंगल! बॅटरी घेऊन मी काठाकाठाने धावत सुटलो.

तो बांधावर वनरक्षकांजवळ बसला होता. मी रागाने हात उगारला. त्याने ओठांवर बोट ठेवले आणि अडखळत मराठीत म्हणाला, "सर, हळू... पक्षी घाबरतील."

माझा हात खाली आला. धुके विरळ होत होते. पाण्यावर दहा-बारा हंस तरंगत होते. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन-दोन काळे पट्टे होते. "हे हिमालय ओलांडून येतात," त्यानेच मला सांगितले. वनरक्षकांना उर्दू येत नव्हते. त्याला जे विचारायचे होते, ते त्याने मराठीतूनच विचारले होते.

न सांगता गेल्याबद्दल मी त्याला नंतर रागावलो. त्यानेही माफी मागितली. पण परतताना बसमध्ये मी विचार करत होतो. तीन वर्षे मी त्याच्याकडून धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेतली. त्याला स्वतःचा प्रश्न विचारण्याची संधी मात्र मी कधी दिली नव्हती. ती त्या तलावाने दिली.