पहिला बार किती वाजता?

‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की रुग्ण आधी सोबत आलेल्या बायकोकडे बघतो, मग उत्तर देतो. ‘उठल्यावर पहिला बार किती वेळाने लागतो?’ असं विचारलं की खरं बोलतो. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं. डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत चुना मळावाच लागत असेल, तर कर्करोगाची भीती घालून भागत नाही. तिथे औषध लागतं.

तंबाखू सोडवण्याचं माझं काम मुख्यतः तोंडात धरलेल्या तंबाखूशी चालतं. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के, तर विडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के. मशेरी लावणाऱ्या मावशी तर याला व्यसन मानतच नाहीत. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हो,’ म्हणतात. त्यांचं खरं आहे. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, सोडल्यावर बद्धकोष्ठ होतो. म्हणून मशेरी सुटण्याआधीच कोमट पाणी, पालेभाज्या, गरज पडली तर इसबगोल सांगून ठेवते. सकाळची ही अडचण सोडवली नाही, तर डबी पुन्हा उघडणारच.

निकोटिनचा च्युइंगम लिहून देते तेव्हा तो कसा खायचा, हे समोर बसवून शिकवते. हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि बार धरतो तसाच गालात धरायचा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिला बार लवकर लागणाऱ्याला चार मिलिग्रॅमचा, बाकीच्यांना दोनचा. सुरुवातीचे दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांनाही ते आधीच सांगते, म्हणजे भांडणं कमी होतात. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावला की झालं.

बरेच जण पुन्हा सुरू करतात आणि मग तोंड दाखवत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत सांगते, ‘खाल्लीत तरी या.’ आले की विचारते: कुठे, कोणाबरोबर, कशानंतर? टपरीवर, जेवण झाल्यावर, कामाची पाळी संपल्यावर. पुढच्या खेपेची तयारी या उत्तरांतून होते.

दात दाखवायला किंवा रक्तदाब तपासायला आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी पहिल्या बाराचा प्रश्न विचारायला हवा आणि पुढची तारीख द्यायला हवी. ज्याला दवाखाना लांब पडतो, त्याला तंबाखू सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा मोफत क्रमांक लिहून द्यावा.