रोह्याला कुठली गोळी?

भाचा कोलोराडोत असतो. तिथल्या मित्रांच्या संगतीनं यंदा तो एल्कच्या शिकारीला निघाला, आणि रायफल घ्यायची म्हणून दुकानांच्या याद्या चाळत बसला. थर्टी-ऑट-सिक्स घ्यावी, टू-सेव्हन्टी घ्यावी की सेव्हन एमएम मॅग्नम? एल्कचा नर म्हणजे तीनशे किलोचं धूड. उघड्या डोंगरउतारावर चरतो, तीनशे मीटरवरूनही गोळी टाकावी लागते. फोनवर त्यानं सहज विचारलं, "मामा, हिंगणीच्या पणजोबांकडे कुठली होती?" मला सांगता आलं नाही. आजोबांकडे रायफल होती एवढंच ऐकून होतो. कार्तिक संपत आला होता, आजोळी जायला निमित्त हवंच होतं. वर्ध्याची गाडी धरली.

वर्ध्याला उतरून सेवाग्रामला गेलो नाही असं माझं कधी होत नाही. १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा हे शेगाव नावाचं खेडं होतं, साप-विंचवांनी भरलेलं. बापूंच्या वापरातल्या वस्तूंमध्ये साप धरायचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवायचा पिंजरा आजही पाहायला मिळतो. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. बंदुकीची चौकशी करत निघालेल्या माणसाला इथं अवघडल्यासारखं व्हावं, पण मला झालं नाही. १९१८च्या सैन्यभरतीच्या पत्रकात गांधीजींनीच लिहिलं होतं की, सगळ्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा ही इंग्रजी राजवटीची सर्वांत काळी करणी ठरेल. आणि १९४६ साली माकडांच्या उपद्रवावर लिहिताना, माणसाचं पीक फस्त करणाऱ्या प्राण्याला वाचवण्याची आपल्याला आस्था नाही, असं त्यांनी 'हरिजन'मध्ये रोखठोक सांगून टाकलं. अहिंसेच्या नावानं शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांनी तो मजकूर एकदा वाचावा.

सेलूवरून हिंगणीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे पऱ्हाटी फुटलेली, वेचणाऱ्या बायांच्या पाठीला ओट्या, तुरीला पिवळा फुलोरा, सोयाबीन निघालेल्या वावरात हरभऱ्याचे कोंब. जवळजवळ प्रत्येक धुऱ्यावर तार होती. कुठं झटका मशीनची, कुठं जुन्या साड्या बांधलेली. एका शेतात कोट-टोपी घातलेलं बुजगावणं उभं होतं आणि त्याच्या खांद्यावर बांबूची बंदूक. अख्ख्या रस्त्यात दिसलेली बंदूक ती एवढीच.

हिंगणीला मामेभाऊ आहेत, वयानं सत्तरीचे. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. चहा झाला, मग त्यांनी कपाटातून खाकी कापडात गुंडाळलेली रायफल काढली. इशापूरच्या कारखान्यातली तीनशे पंधरा बोअर. आजोबांनंतर वारसाहक्कानं परवाना मामांच्या आणि मग दादांच्या नावावर झाला. लाकडी दस्ता तेल पिऊन काळा झालेला, पाच गोळ्यांची पेटी, बोल्ट ली-एन्फिल्डचा, थेट सैन्यातल्या थ्री-नॉट-थ्रीसारखा. दुर्बीण नाही, नुसती माशी आणि खाच. सोबत जुनं काडतूस, बुडावर 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरं. म्हणजे १८६९पासून चालत आलेला आपला खडकीचा दारूगोळा कारखाना.

ही बोअर कुणी शिकाऱ्यानं सांबर-चितळाचा विचार करून निवडलेली नाही. थ्री-नॉट-थ्री हे फौजेचं काडतूस, ते चोरून बंडखोरांच्या हाती जाईल या भीतीनं इंग्रजांनी हिंदुस्थानात खासगी माणसाला ते बंद केलं. मग बंदूकवाल्यांनी तोच सांगाडा घेतला आणि त्याला ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं आठ मिलिमीटरचं काडतूस बसवलं. तीच .३१५. त्याच सुमारास .४५० बोअरवरही बंदी आली आणि हत्ती-गव्यांच्या शिकाऱ्यांसाठी विलायतेत .४७० आणि .४६५ जन्माला आल्या. स्वातंत्र्यानंतर इशापूरनं .३१५ पुढं चालू ठेवली आणि परवानाधारक हिंदुस्थानी माणसाची रायफल म्हणजे हीच, असं होऊन बसलं. भाचा दुकानात उभा राहून दहा काडतुसांत निवड करतो. आजोबांपुढं निवड नव्हती, मिळेल ते होतं.

मिळालं ते वाईट मात्र नव्हतं. .३१५ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम. थर्टी-ऑट-सिक्सची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, पण कितीतरी वेगवान. शक्तीचा हिशेब मांडला तर आपली तीनशे पंधरा तिच्या पाऊणपट भरते. फरक लांबवर कळतो. शंभर मीटरला नेम बसवला तर दोनशे मीटरला ही गोळी वीतभराहून जास्त खाली उतरते. तिच्या भरवशावर दरीपलीकडचं जनावर मारायला जाऊ नये. पण हिंगणीच्या माणसाला दरीपलीकडं मारायचं होतं कुठं?

"आबा म्हणत, दाण्याच्या टोपल्यातून कोंबडी उचलता येते तेवढ्या जवळ गेल्याबिगर घोडा दाबू नये," दादा आजोबांची आठवण सांगत म्हणाले. "अन् फऱ्याच्या मागं, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. डोक्यावर मारणारा शिकारी नव्हे, जुगारी."

आबांनी कोणती गोळी वापरावी हेही सांगून ठेवलं होतं. सगळीकडून धातूनं मढवलेली गोळी सांबराच्या आरपार जाते, जनावर कोसभर पळतं आणि झुडपात तडफडून मरतं. शिशाचं नाक उघडं असलेली गोळी आत जाऊन फुलते, जागेवर पाडते. बोअर, वेग, कंपनी यांच्यावर रात्ररात्र वाद घालणारे लोक गोळीच्या नाकाबद्दल दोन शब्द बोलत नाहीत. जनावराचे हाल होतात ते तिथं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोरधरणला गेलो. बोर नदीवरचं धरण, वर सागाचं रान, मधेमधे बांबू. १९७०मध्ये अभयारण्य आणि २०१४मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल १३८ चौरस किलोमीटरचं, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जिप्सी फाटकातून आत शिरली आणि आबांचं म्हणणं डोळ्यांनी पटलं. पावसाळ्यानंतरचं गवत कमरेएवढं, त्यावर घाणेरीची जाळी. शंभर पावलांपलीकडं नजर पोचते अशी जागा विरळाच. एक सांबर नर पाणवठ्याच्या चिखलातून उठला, अडीचशे किलोचा सहज असेल, आणि चार ढांगांत नाहीसा झाला. सागाची पानं तेवढी वाजली.

झोळीत जेम्स फोर्सिथ होता. हा इंग्रज कप्तान निमाडात जमीनबंदोबस्ताचा अधिकारी होता. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक १८७१मध्ये निघालं, त्याच वर्षी तो ऐन तिशीत वारला. त्याआधी त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. सगळी विलायत लांबट, निमुळत्या गोळीच्या मागं लागलेली असताना याचा आग्रह मोठ्या बोअरच्या गोल गोळीचा. कारण त्यानं आपलं रान पाहिलं होतं. इथं जनावर दीडशे यार्डांच्या आत दिसतं, क्षणभर दिसतं, आणि जखमी होऊन निसटलं तर परत सापडत नाही. गोल गोळीचा जमाना गेला, पण निकष अजून तोच आहे. बंदूक जनावराच्या वजनावरून नव्हे, रानातल्या नजरेच्या टप्प्यावरून ठरवावी. कोलोराडोतलं उत्तर बोरमध्ये लावलं तर फसेल, बोरमधलं तिथं.

अर्थात बोरमध्ये हा प्रश्न कागदावरचाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. दादांच्या रायफलीतून तेव्हापासून एकही गोळी सुटलेली नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते, एवढाच तिचा प्रवास.

खरी गोष्ट रात्री कळली. दादांच्या वावरात जागलीला गेलो. माचावर एक तरुण शेतकरी शेजारच्या शेतातून येऊन बसला. हातात टॉर्च, खिशात सुतळी बॉम्ब. अकराच्या पुढं रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आला. टॉर्चच्या उजेडात डोळे चमकले, निळसर नर पुढं, घोड्याएवढा. बॉम्ब फुटला, कळप धुऱ्यापर्यंत गेला, थांबला, परत आला.

"रोज असंच हाय का?" मी विचारलं.

"रोज. फटाक्याले आता वासरू बी भेत नाही, भाऊ. माह्या आज्याकडं ठासणीची होती, ते गंजली. बारा बोअरचा परवाना मागितला तं दोन वर्षांपासून फाईल फिरून राह्यली."

कायदा पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची सोय ठेवतो. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात तशी तरतूद आहे. वन्यजीव कायद्याचं अकरावं कलम उभं पीक नासवणाऱ्या जनावराला मारायची परवानगी द्यायचा अधिकार वनखात्याला देतं आणि आपल्या राज्यात रोही-रानडुकरांसाठी तसे आदेशही निघाले आहेत. पण दोनशे किलोच्या रोह्यावर ठासणीच्या बंदुकीनं छर्रे उडवणं म्हणजे त्याला आठवडाभर सडवून मारणं. बारा बोअरमधले एलजीचे जाड छर्रे तीस-चाळीस पावलांपुढं विखुरतात. परवाना मिळतो तो अशा हत्याराचा, आणि जिच्यानं रोही जागेवर पडेल ती रायफल कपाटात. गंमत अशी की, देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा कोठार याच जिल्ह्यात, पुलगावला आहे.

बंदूक नाही म्हणून माणूस हात बांधून बसत नाही. खांबावरून आकडा टाकून कुंपणात सरळ वीज सोडतो. झटका मशीनचा धक्का थांबून थांबून लागतो, जनावर दचकून मागं फिरतं. आकड्याची वीज धरते ती सोडतच नाही. २०१७ साली ब्रह्मपुरीकडं माणसं मारणारी एक वाघीण पकडून, गळ्यात पट्टा घालून बोरमध्ये सोडली. तिनं वर्धा जिल्ह्यातही माणसं मारली. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत वाद गेला, बंदूकवाले मागावर राहिले. ऑक्टोबरमध्ये ती कारंजा तालुक्यात मेली, शेताच्या कुंपणातल्या विजेनं. रायफल कोणती, काडतूस कोणतं, नेमबाज कोण, याची चर्चा चालू असताना काम तारेनं केलं. अशा तारांना चिकटून शेतकरीही मरतात, त्यांच्यासाठी खंडपीठापर्यंत कोणी जात नाही.

माचावरच्या त्या पोराला मी विचारलं, सरकारनं उद्या रायफल दिली तर घेशील का? तो म्हणाला, "मले कायले? मारणारा माणूस पाठवा म्हणा. मी दिवसा कापूस वेचू का रात्री नेम धरू?"

मला त्याचं पटतं. रोही मारायचाच ठरला तर परवानगी कागदावर ठेवून ठासणीच्या बंदुका वाटत बसू नये. प्रत्येक तालुक्याला शिकवून तयार केलेले नेमबाज असावेत, त्यांच्या हाती .३१५ किंवा तिच्याहून जड रायफल आणि शिशाच्या नाकाची गोळी असावी, आणि माचावरून, शंभर मीटरच्या आत, खाली माती असताना गोळी सुटावी. पण तेही नंतरचं. बोरच्या काठच्या गावांत आधी आकड्याची तार निघाली पाहिजे, आणि ती निघायची असेल तर नासलेल्या पिकाचे पैसे पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजेत.