माझ्या जबड्यात टायटॅनियम!

हाड जिवंत असतं हे शाळेत कधीतरी शिकवलं असेल. पण ते किती जिवंत असतं, हे मला पंचावन्नी उलटल्यावर कोल्हापुरातल्या एका दातांच्या दवाखान्यात, खुर्चीत आडवं पडल्यापडल्या कळलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून हेच सांगत सुटलोय. बायको वैतागली आहे. वैतागू दे.

निमित्त मटणाच्या नळीचं. खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली दाढ, सहाव्या वर्षाच्या आसपास उगवते ती, रूट कॅनाल होऊन कितीतरी वर्षं गुमान काम करणारी, मधोमध उभी चिरली. चीर पार मुळापर्यंत. “काका, ही नाही वाचायची,” डॉक्टर म्हणाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण तोंडाच्या शस्त्रक्रियांत एमडीएस केलेल्या. मी म्हटलं, काढून टाका, मागं अजून आहेत की! त्यावर त्यांनी स्क्रीनवर एक जुना एक्स-रे लावला. दात जाऊन बरीच वर्षं झालेला कुणाचा तरी जबडा होता तो. दात होते तिथं हाड भरलेलं, आणि जिथं नव्हते तिथं ते खचून खाली बसलेलं. “दात गेला की हाडही जातं, काका.”

मी उठूनच बसलो. हे कुणी सांगितलंच नव्हतं! मुळांना धरून ठेवणारं जबड्याचं हाड दातासाठीच असतं. दात उगवतो तसं ते घडतं, चावताना मुळावर पडणाऱ्या दाबावर टिकतं आणि दात निघाला की शरीर ते मोडीत काढायला लागतं. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातही पहिल्या काही महिन्यांत झीज सगळ्यात जोरात. आणि लख्खकन आमची आजी आठवली. तिची कवळी दर दोन वर्षांनी सैल व्हायची, ती कवळी करणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. बिचाऱ्याचा काय दोष! कवळी होती तेवढीच होती, खालचं हाड पळत होतं. म्हातारपणी हनुवटी नाकाला भेटायला येते ती यामुळेच. शिवाय समोरची दाढ रिकाम्या जागेत उतरायला लागते, मागची पुढं कलते. एक दात जातो आणि सगळं गाव हलतं. (अक्कलदाढेला यातून सूट. ती काढली तर तिथं सहसा काही बसवावं लागत नाही.)

मग पर्याय काय? काढता-घालता येणारी कवळी स्वस्त, कापाकापी नाही, पण रोज काढा, धुवा, पाण्यात ठेवा, आणि खालची झीज चालूच. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टोप्या बसवून मध्ये खोटी दाढ टांगायची. काम थोड्या दिवसांत संपतं, आणि शेजारचे दात आधीच कॅप लागण्याच्या अवस्थेत असतील तर ब्रिज उत्तमच. पण माझे शेजारचे दात धडधाकट होते. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? तिसरा पर्याय इम्प्लांट: हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दाढ.

स्क्रू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं भिंत, ड्रिल मशीन आणि रावळप्लग आला. घट्ट पिळायचा, झालं! पण खरी गंमत पुढंच आहे. स्क्रू सुरुवातीला पिळल्यामुळे धरतो खरा, पण तो कायमचा धरला जातो तो हाड त्याला येऊन चिकटतं म्हणून. मध्ये गोंद नाही, सिमेंट नाही, आपलं जिवंत हाड थेट धातूवर वाढतं!

याचा शोध लावणारा माणूस दातांचा डॉक्टरही नव्हता. पेर-इंगवार ब्रोनेमार्क, स्वीडनचा, शरीररचनाशास्त्राचा अभ्यासक. 1952 च्या सुमारास तो सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक डबी बसवून मज्जेतलं रक्त सूक्ष्मदर्शकातून वाहताना बघत होता. प्रयोग संपला, महागडी डबी पुन्हा वापरायची म्हणून काढायला गेला, तर निघेचना! हाडानं तिला धरून ठेवलं होतं. दुसरा कुणी चरफडला असता. यानं त्या न निघणाऱ्या डबीचाच पाठपुरावा करण्यात पुढची वर्षं घातली. 1965 साली गोटेनबर्गमध्ये योस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्यांच्या जबड्यात जन्मापासूनच दोष होता. 2006 मध्ये लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त, ते इम्प्लांट काम करत होते! तरीही दंतवैद्यकातल्या मंडळींनी ब्रोनेमार्कला बरीच वर्षं उभं केलं नाही. 1982 च्या टोरांटोच्या परिषदेनंतर कुठं जगानं मान डोलावली. तोवर याच युक्तीनं कानामागच्या हाडात बसणारं श्रवणयंत्रही 1977 मध्ये रुग्णांना लावून झालं होतं. हे सगळं वाचताना मी रात्रीचा एक वाजवला.

आता माझं. दाढ काढली त्याच वेळी खड्ड्यात हाडाची पूड भरून टाके घातले, जागा खचू नये म्हणून. (पूड कशाची आहे ते आधी विचारून घ्या. काही प्रकार गुरांच्या हाडापासून करतात, काही कृत्रिम असतात. मी कृत्रिम घेतली.) काही महिने जाऊ दिले, मग सीबीसीटी स्कॅन. जबडा तिन्ही बाजूंनी फिरवून दाखवतात! हाडाच्या आतून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोनेक मिलिमीटर अंतर राखायचं, त्यावरून स्क्रूची लांबी ठरते. माझा दहा मिलिमीटरचा. करंगळीच्या नखाएवढी वस्तू, आणि मी कशाला घाबरत होतो!

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दाढ काढण्यापेक्षा सोपी गेली, शपथेवर सांगतो. भुलीचं इंजेक्शन, हिरडीला छोटा छेद, मग ड्रिल. आधी बारीक, मग थोडं जाड, मग आणखी जाड. घरघर कळते, दुखत नाही. आणि सगळा वेळ सलाईनची धार. का? कारण 47 अंशांच्या वर मिनिटभर जरी हाड तापलं तरी तिथल्या पेशी मरायला लागतात, आणि मेलेलं हाड कुणाला चिकटणार? म्हणजे एवढ्या धातूच्या कारभारात सगळी काळजी त्या जिवंत पेशींची! शेवटी बारक्या पान्यानं मोजून पीळ दिला, टाके घातले, आणि “बर्फ लावा, आज गरम काही नको, चुळा जोरात भरू नका” एवढं ऐकून मी घरी. संध्याकाळी थंडगार ताकभात.

मग थांबायचं. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला जास्त, कारण तिथलं हाड मऊ. वर मागच्या बाजूला तर नाकाशेजारची सायनसची पोकळी आड येते, कधी तिचा तळ उचलून खाली हाड भरावं लागतं. या तीन महिन्यांत बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत काय चाललेलं असतं! टायटॅनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, काही नॅनोमीटरचा. शरीराची गाठ धातूशी पडतच नाही, त्या पापुद्र्याशी पडते, म्हणून ते त्याला परकं मानून हाकलत नाही. स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, त्यावर हाड घडवणाऱ्या पेशी येऊन बसतात आणि काम सुरू करतात. मी ऑफिसात टेबलाशी बसून फायली उपसत होतो आणि माझ्या जबड्यात बांधकाम चालू होतं!

कॅप बसली त्या दिवशी भडंग खाल्लं. शेंगदाणा त्या बाजूला फुटला तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. एक फरक मात्र आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते, तिच्यामुळे भातातला खडाही कळतो. इम्प्लांटला ती गादी नाही. तो किडतही नाही, पण निगा राखली नाही तर भोवतीची हिरडी सुजते आणि ज्या हाडानं धरलं तेच सोडायला लागतं. त्यामुळे दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश आता माझ्या खिशात असतो.

आणि हो, हे सगळ्यांना नाही. साखर आटोक्यात नसेल, विडी-सिगारेट चालू असेल तर अपयशाची शक्यता वाढते. गुटख्याला तर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी माणसं खातातच. त्यानं आणि सुपारीनं तोंड उघडेनासं होतं, मग डॉक्टरांचं ड्रिल आत जाणार कुठून? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधं देतात, ती चालू असतील तर दात काढण्याआधीच तसं सांगायला हवं. खर्चही ब्रिजपेक्षा जास्त, आणि आरोग्य विम्यात तो बहुधा बसत नाही. सरकारी दंत महाविद्यालयांत मात्र चौकशी जरूर करा.

तुमची एखादी दाढ काढायची ठरली असेल तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: काढल्यावर तिथल्या हाडाचं काय करायचं? हा प्रश्न दाढ काढण्याआधीच विचारायचा असतो, कारण झीज वाट बघत बसत नाही.