माहेर हिमालयाचें

हे गेल्यावर, गेल्या कार्तिकांत, मी इंग्लंडांत मुलाकडे आलें; पण पुण्यास परतण्याची भाषा सदा तोंडीं असे. परसांत सूनबाईनें निळ्या फुलांचें जिरेनियम लाविलें होतें. आपल्याकडे कुंडींत असतें तें मूळ दक्षिण आफ्रिकेचें. ह्याचें माहेर हिमालयांत. थंडींत तें पार वाळलें. मेलें समजून मी उपटूं लागलें, तों सूनबाई धांवत आली. "आई, राहूं द्या. मूळ जिवंत आहे."

चैत्रांत पानें फुटलीं, ज्येष्ठांत फुलें आलीं. बहर ओसरतांच तिनें सारें झाड जमिनीलगत छाटून भरपूर पाणी घातलें. थोड्याच आठवड्यांत पुन्हां हिरवीगार पालवी! आश्विनांत मुळाचे दोन भाग करून एक मीं स्वतः लाविला. तो कसा जीव धरतो, हें पाहिल्यावांचून माझें जाणें कसें व्हावें?